वऱ्हाडच्या उन्हात ‘ओव्हरक्लॉकिंग’ : कमी खर्चातील संगणकाची जुळवणी कशी करावी?

जठारपेठ (अकोला) : सुट्या भागांची यादी हातात घेऊन संगणकाच्या दुकानाची पायरी चढणारा तरुण पहिला प्रश्न विचारतो तो प्रोसेसरविषयी. कोणता घेऊ, किती गिगाहर्ट्झचा घेऊ आणि तो ‘ओव्हरक्लॉक’ होतो का? पुण्या-मुंबईत हा क्रम कदाचित चालून जाईल. अकोला-अमरावतीच्या हवामानात मात्र प्रोसेसरचा प्रश्न तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर यायला हवा. त्याआधी विचारायचे ते एसएमपीएस कोणते, मदरबोर्डचा वीजपुरवठा किती भक्कम आणि घरातील अर्थिंग ठीक आहे की नाही, हे. येथे संगणकाच्या वेगाची मर्यादा बहुतेक वेळा सिलिकॉन ठरवत नाही. ती मे महिन्याचे ऊन आणि भिंतीवरील प्लग ठरवितात.

विषय निघण्यास कारणही आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’ला दिला जाणारा नियमित आधार थांबविला. ‘विंडोज ११’साठी इंटेलची आठवी पिढी किंवा एएमडीची रायझन २००० मालिका यांच्या आसपासचा तरी प्रोसेसर लागत असल्याने असंख्य घरांतील धडधाकट यंत्रे अधिकृतरीत्या जुनी ठरली. नवे यंत्र घ्यायचेच तर थोड्या पैशांत जास्त वेग देणारे घ्यावे, हा मध्यमवर्गीय हिशेब त्यातून पुन्हा पुढे आला आहे.

शिसपेन्सिलपासून आजपर्यंत

कारखान्याने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा अधिक वेगाने प्रोसेसर, मेमरी किंवा ग्राफिक्स कार्ड चालविणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. प्रोसेसरचा वेग हा दोन आकड्यांचा गुणाकार असतो. एक मूळ स्पंदनाचा, दुसरा गुणकाचा. यांपैकी कोणताही एक वाढविला की वेग वाढतो.

या छंदाला खरी प्रतिष्ठा मिळवून दिली ती १९९८ साली आलेल्या इंटेलच्या ‘सेलेरॉन ३००ए’ने. त्याचा गुणक ४.५ वर कुलूपबंद होता आणि बसचा वेग होता ६६ मेगाहर्ट्झ. मदरबोर्डवर हाच बस वेग १०० केला की ३०० मेगाहर्ट्झचा हा स्वस्त प्रोसेसर ४५० वर धावू लागे आणि कित्येक पट महाग असलेल्या पेंटियम २ शी बरोबरी करी. पुढे २००० च्या सुमारास एएमडीच्या ड्युरॉन आणि अॅथलॉन प्रोसेसरच्या पाठीवरील तुटक रेषा चक्क शिसपेन्सिलीने जोडून गुणकाचे कुलूप उघडता येत असे. शिसपेन्सिलीतील ग्रॅफाइट विजेचे वाहक असते, एवढ्यावरच ती करामत अवलंबून होती! २०१४ साली इंटेलने पेंटियम नावाच्या विसाव्या वर्षानिमित्त ‘जी३२५८’ हा खुल्या गुणकाचा स्वस्त प्रोसेसर बाजारात आणला. त्याची कथा पुढे येईल.

त्या काळी मिळणारी पन्नास टक्क्यांची वाढ आता मिळत नाही, हे प्रथमच सांगितलेले बरे. आजचे प्रोसेसर तापमान आणि वीज पाहून स्वतःच आपला वेग वाढवितात. कारखानाच बहुतेक मलई काढून घेतो. ग्राहकाच्या वाट्याला पाच-सात टक्के उरतात. मग एवढा खटाटोप कशासाठी? एक तर मेमरी आणि ग्राफिक्सच्या वेगात अजूनही बऱ्यापैकी फरक पाडता येतो. दुसरे आणि अधिक महत्त्वाचे म्हणजे, ज्या यंत्रात ओव्हरक्लॉकिंगची तयारी केलेली असते ते यंत्र आपला मूळ वेग तरी उन्हाळ्यात टिकवून धरते. तयारी न केलेले यंत्र दुपारी तीन वाजता मुकाट्याने मंदावते आणि मालकाला वाटते की व्हायरस शिरला.

मे महिन्याचे गणित

प्रोसेसरमध्ये निर्माण होणारी उष्णता वेगाच्या सम प्रमाणात वाढते. परंतु व्होल्टेजच्या बाबतीत ती वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दहा टक्के वाढविला आणि तो स्थिर राहावा म्हणून व्होल्टेजही दहा टक्के वाढविले, तर उष्णता १.१ गुणिले १.२१ म्हणजे सुमारे १.३३ पट होते. वेगात दहा टक्के लाभ, उष्णतेत तेहतीस टक्के भुर्दंड.

आता यात अकोल्याची हवा मिसळावी. मे २०२४ मध्ये येथील पारा ४५ अंशांच्या पुढे गेला आणि २५ ते ३१ मे या काळात जिल्हा प्रशासनाला कलम १४४ लागू करावे लागले. हीटसिंक असो की पाण्यावर चालणारी शीतक यंत्रणा, ती प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. खोलीपेक्षा अमुक अंश वर, एवढेच तिला साधते. जानेवारीच्या रात्री २० अंशांच्या खोलीत जो प्रोसेसर ७० अंशांवर चालतो, तोच त्याच कामाला ४० अंशांच्या खोलीत ९० अंशांवर जातो. रायझन ५ ५६०० ची कमाल मर्यादा ९० अंश आहे. म्हणजे हिवाळ्यात ऐटीत चालणारी जुळवणी उन्हाळ्यात नेमकी उंबरठ्यावर येऊन थांबते. जठारपेठेत वरच्या मजल्यावर, थेट स्लॅबखालच्या खोलीत अभ्यासाचे टेबल असणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. जुन्या धाब्याच्या घरांत ही अडचण आली नसती. पण तेव्हा संगणक नव्हते.

कोणता प्रोसेसर, कोणता मदरबोर्ड?

इंटेलकडे खुला गुणक फक्त नावात ‘के’ अक्षर असलेल्या प्रोसेसरना मिळतो आणि तो वापरण्यासाठी ‘झेड’ मालिकेचा महाग मदरबोर्ड घ्यावा लागतो. कोअर आय५ १२४००एफसारखा लोकप्रिय प्रोसेसर उत्तम आहे, परंतु कुलूपबंद. कमी खर्च आणि ओव्हरक्लॉकिंग ही दोन्ही उद्दिष्टे एकत्र ठेवायची तर इंटेलचा रस्ता येथेच अरुंद होतो. शिवाय तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे काही प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज घेऊन कायमचे अस्थिर होत असल्याचे २०२४ साली उघड झाले. इंटेलने नवा मायक्रोकोड दिला आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढविली. तरीही या पिढ्यांतील मोठा प्रोसेसर जुन्या बाजारातून घेणे धोक्याचेच समजावे.

एएमडीच्या २०१७ पासूनच्या डेस्कटॉप रायझन प्रोसेसरचा गुणक बहुतांशी खुला असतो. मात्र मदरबोर्डची अट आहे. ए५२० आणि ए६२० या स्वस्त चिपसेटवर प्रोसेसरचे ओव्हरक्लॉकिंग होत नाही. बी४५०, बी५५०, बी६५० आणि त्यापुढच्या बोर्डांवर होते. हजार-दोन हजार वाचविण्यासाठी ‘ए’ मालिकेचा बोर्ड गळ्यात मारून घेतला की पुढचा सगळा बेत तेथेच संपतो.

चिपसेट एकच असला तरी बोर्ड सारखे नसतात. प्रोसेसरच्या सॉकेटभोवती चौकोनी काळ्या कॉइलची रांग दिसते. १२ व्होल्टचा पुरवठा सव्वा व्होल्टच्या आसपास आणण्याचे काम ही मंडळी करतात. त्यांना व्हीआरएम म्हणतात. या भागावर अॅल्युमिनियमचा जाडजूड हीटसिंक बसविलेला असावा. हीटसिंक नसलेला उघडा बोर्ड उन्हाळ्यात प्रोसेसरच्या आधी स्वतःच तापतो आणि प्रोसेसरला वेग कमी करायला लावतो. बोर्डावर चमकणारे दिवे आहेत की नाहीत, याने काहीही फरक पडत नाही. दिव्यांचे पैसे हीटसिंकवर घालावेत.

निवड दोन पिढ्यांत आहे. सहा कोअरचा रायझन ५ ५६०० हा २०२२ सालचा प्रोसेसर एएम४ सॉकेटवर बसतो आणि डीडीआर४ मेमरी वापरतो. त्याचा थोरला वारस रायझन ५ ७६०० हा एएम५ वर बसतो, डीडीआर५ मागतो, कारखान्यातूनच ५.१ गिगाहर्ट्झपर्यंत जातो आणि सोबत कंपनीचा लहान पंखा घेऊन येतो. एएम५ सॉकेटला २०२७ पर्यंत आणि पुढेही आधार देण्याचे एएमडीने जाहीर केले असल्याने नंतर फक्त प्रोसेसर बदलण्याची सोय त्यात राहते. एरवी शिफारस सरळ एएम५ ची झाली असती. परंतु २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरनी मेमरीची मागणी एवढी वाढविली की रॅमचे भाव भडकले. त्यामुळे ज्यांच्या जुन्या यंत्रात डीडीआर४ च्या दोन चांगल्या पट्ट्या आहेत, त्यांनी त्या जपाव्यात आणि बी५५० बोर्डावर ५६०० घ्यावा, असे आमचे मत आहे. बोर्ड दुकानात बरेच दिवस पडलेला असेल तर त्याचा बायोस अद्ययावत करूनच मागावा. अन्यथा नवा प्रोसेसर त्यावर सुरूच होणार नाही.

एसएमपीएस : जेथे काटकसर महाग पडते

प्रस्तुत प्रतिनिधीने वर उल्लेखिलेला पेंटियम जी३२५८ हौसेने घेतला होता. ३.२ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर जानेवारीत ४.२ वर आणला तेव्हा स्वर्ग दोन बोटे उरला होता. एसएमपीएस मात्र कॅबिनेटसोबत ‘फुकट’ आलेले. एप्रिलपासून यंत्र आपोआप बंद-सुरू होऊ लागले आणि मे महिन्यातील एका दुपारी बारीकसा स्फोट होऊन जळका वास सुटला. प्रोसेसर वाचला, हार्डडिस्क गेली. तिच्यात बहिणीच्या लग्नाची छायाचित्रे होती आणि दुसरी प्रत कोठेही नव्हती. एसएमपीएसवर वाचविलेल्या दीड हजार रुपयांचा विषय घरात अजूनही निघतो.

त्या डब्यावर ठळक अक्षरांत ४५० वॅट लिहिले होते. कोणत्याही एसएमपीएसच्या बाजूला एक तक्ता छापलेला असतो. त्यात १२ व्होल्टच्या रकान्याखालील अँपिअर पाहावे आणि बाराने गुणावे. १६ अँपिअर लिहिले असतील तर खरी कामाची शक्ती १९२ वॅटच. कारण प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सर्व वीज याच वाहिनीतून घेतात. चांगल्या ५५० वॅटच्या एसएमपीएसमध्ये हा गुणाकार ५०० च्या पुढे जातो.

‘८० प्लस’चे चिन्ह असणे चांगले, पण ते पुरेसे नाही. ते प्रमाणपत्र कार्यक्षमतेचे असते आणि त्याची चाचणी सुमारे २३ अंश तापमानात होते. असे तापमान अकोल्याच्या घरात उन्हाळ्यात फक्त वातानुकूलित खोलीत मिळते. म्हणून पूर्ण शक्ती ४० अंशांवर मिळेल की ५० अंशांवर, हे कंपनीच्या माहितीपत्रकात शोधावे आणि ५० अंशांचे घ्यावे. आतील कपॅसिटर १०५ अंशांचे असावेत. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य दर दहा अंशांमागे साधारण निम्मे होते, असा ठोकताळा आहे. त्यावरून वऱ्हाडातील यंत्र तीन वर्षांतच का कुरकुरते, याचा अंदाज येईल.

अर्थिंग आणि इन्व्हर्टर

कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात, ही तक्रार उन्हाळ्यात हमखास ऐकू येते. एसएमपीएसमधील गाळणीचे कपॅसिटर थोडा विद्युतप्रवाह अर्थच्या तारेकडे सोडतात. अर्थिंग नसेल तर कॅबिनेटवर सुमारे ११५ व्होल्टचा दाब येऊन बसतो. प्रवाह अत्यल्प असल्याने तो सहसा जिवावर बेतत नाही. तथापि नवी पट्टी बसविताना मेमरी किंवा ग्राफिक्स कार्ड जाण्यास तेवढा पुरतो. आपल्याकडील काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, कोरडी पडते आणि अर्थिंगच्या खड्ड्याचा प्रतिरोध वाढतो. खड्ड्यात अधूनमधून पाणी घालण्याची जुनी पद्धत म्हणूनच शहाणपणाची होती. अपार्टमेंटमध्ये तो खड्डा कोठे आहे, हेच अनेकांना ठाऊक नसते. खरेदीपूर्वी वायरमनला बोलावून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातील व्होल्टेज मोजून घ्यावे. ते दोन-तीन व्होल्टच्या आत असले म्हणजे सामान्यतः ठीक समजतात.

घरातील इन्व्हर्टर चौकोनी लहरीचा असेल तर त्यावर संगणक चालवू नये. आधुनिक एसएमपीएसला शुद्ध साइन लहर मानवते. यूपीएस घेताना ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हे, हेही पाहावे. बहुधा ते ३६० वॅटच असतात. ग्राफिक्स कार्ड असलेल्या यंत्राला ते खेळताना अपुरे पडतात.

कुलर आणि कापूस

प्रोसेसरसोबत मिळणारा पंखा मूळ वेगापुरता कसाबसा चालतो. ओव्हरक्लॉकिंगसाठी चार तांब्याच्या नळ्या आणि १२० मिलिमीटरचा पंखा असलेला उभा हवा-कुलर घ्यावा. पाण्याच्या शीतक यंत्रणेवर या बजेटमध्ये खर्च करण्याचे कारण नाही. तिचा पंप बिघडला की मधला मार्ग उरत नाही. कुलरची उंची कॅबिनेटमध्ये मावते का, ते मोजावे. कॅबिनेटचा दर्शनी भाग जाळीचा असावा. काचेचे दार समोरच असलेली कॅबिनेट देखणी दिसतात आणि आत भट्टी होते.

राहिला आपला नेहमीचा कुलर, वाळ्याचा किंवा लाकडी भुशाचा. वऱ्हाडातील एप्रिल-मेची हवा कोरडी असल्याने तो खोली दहा अंशांहून अधिक थंड करू शकतो आणि संगणकासाठी याहून स्वस्त उपाय नाही. मात्र यंत्र कुलरच्या झोताच्या थेट रेषेत ठेवू नये. झोतातील बारीक तुषारांबरोबर पाण्यातील क्षार येतात आणि बोर्डावर पांढरा थर धरतात. खिडकीत कुलर, समोरच्या भिंतीला दार उघडे आणि संगणक बाजूच्या भिंतीशी, ही मांडणी चांगली. पाऊस सुरू झाला की कुलर बंद करावा. तेव्हा तो गारवा देत नाही, नुसती ओल देतो.

धूळ सगळीकडेच असते. कापसाच्या जिल्ह्यात तिच्यात तंतू मिसळतात. दिवाळीनंतर जिनिंगचा हंगाम सुरू झाला की हीटसिंकच्या पात्यांत नमदा तयार होतो आणि फुंकर मारून तो निघत नाही. कॅबिनेटला जाळीचे गाळणे लावावे. गुढीपाडव्याच्या आसपास एकदा पंखा सोडवून, पाती बोटाने धरून, ब्लोअरने स्वच्छता करावी. पंखा मोकळा फिरू दिला तर तो उलटी वीज निर्माण करतो. थर्मल पेस्टही त्याच वेळी बदलून घ्यावी.

मेमरी, ग्राफिक्स आणि इतर

मेमरीची एक पट्टी घेण्याऐवजी निम्म्या क्षमतेच्या दोन घ्याव्यात. रायझन ५००० मालिकेला ३६०० आणि ७००० मालिकेला ६००० वेगाची मेमरी चांगली मानवते. पेटीवर छापलेला वेग आपोआप मिळत नाही; बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो हा पर्याय सुरू करावा लागतो. अनेकांचे यंत्र वर्षानुवर्षे कमी वेगावर चालते ते एवढ्याच कारणाने. ग्राफिक्स कार्डाला पैसे नसतील तर रायझन ५ ५६००जी घेऊन त्याच्या अंगभूत ग्राफिक्सचा १९०० मेगाहर्ट्झचा वेग वाढवून पाहता येतो. मात्र दोन पट्ट्या असल्याशिवाय त्याचा उपयोग नाही. जुन्या बाजारातील ग्राफिक्स कार्ड घेताना सावध असावे. सप्टेंबर २०२२ मध्ये ‘इथेरियम’चे खाणकाम थांबल्यावर महिनोन् महिने अहोरात्र चाललेली कार्डे बाजारात आली होती.

एसएसडीबाबत ओव्हरक्लॉकरला करण्यासारखे काही नाही. छायाचित्रांची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावी. का, ते वर आलेच आहे.

खरेदी आणि हमी

काही भागांसाठी नागपूरची सीताबर्डी किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड अजूनही गाठला जातो, तर बाकी सर्व ऑनलाइन येते. थोडा फरक असेल तर एसएमपीएस आणि मदरबोर्ड गावातूनच घ्यावेत. बदलून घेण्याची वेळ यांच्यावरच येते. प्रोसेसर सीलबंद पेटीतील घ्यावा. ‘ट्रे’ म्हणून सुटा मिळणारा स्वस्त पडतो, परंतु पेटीवरील तीन वर्षांची हमी त्याला सहसा लागू नसते. जीएसटी असलेले पक्के बिल घ्यावे आणि त्यावर अनुक्रमांक लिहून घ्यावा. ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेले नुकसान एएमडीच्या हमीत बसत नाही, अगदी तिच्याच सॉफ्टवेअरने वेग वाढविला तरीही. हे माहीत असूनच हात घालावा.

वेग वाढविताना

नवे यंत्र पहिला आठवडा मूळ वेगावरच चालवावे. दोष असलेला भाग याच काळात उघडा पडतो आणि तो निर्धास्तपणे बदलून मिळतो. त्यानंतर प्रथम मेमरी घ्यावी आणि मेमटेस्ट८६ रात्रभर चालवावे. मेमरी अस्थिर असेल तर यंत्र बंद न पडताही फायली गुपचूप बिघडतात. मग प्रोसेसरकडे वळावे. रायझनमध्ये सर्व कोअरचा वेग हाताने बांधून टाकण्यापेक्षा ‘प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह’ सुरू करून ‘कर्व्ह ऑप्टिमायझर’मध्ये उणे दहापासून हळूहळू खाली जाणे हिताचे ठरते. यात व्होल्टेज कमी होते, उष्णता घटते आणि मोकळ्या झालेल्या मर्यादेत प्रोसेसर आपण होऊन वेग वाढवितो. वऱ्हाडाला मानवणारे ओव्हरक्लॉकिंग ते हेच. प्रत्येक पायरीला ओसीसीटी किंवा प्राइम९५ तासभर चालवून तापमान वहीत टिपावे. वाढलेल्या वेगाने ५० वॅट जास्त लागत असतील तर रोज सहा तासांच्या वापराला महिन्याकाठी नऊ युनिट वाढतात, हेही त्याच वहीत लिहावे.

चाचणीची वेळ दुपारी तीन ते पाच अशी धरावी, कुलर बंद ठेवून. वीज गेली आणि यूपीएसवर काम चालू असताना खोलीची स्थिती तशीच असते. हिवाळ्यात जुळवणी करणाऱ्यांनी तेव्हाच्या कमाल तापमानात वीस अंश मिळवून पाहावे. बेरीज मर्यादेबाहेर गेली तर वेग त्याच दिवशी उतरवावा. बहुतेक मदरबोर्डांच्या बायोसमध्ये दोन-तीन वेगवेगळ्या जुळवण्या नावानिशी साठविता येतात. एक दिवाळी ते होळीसाठी, दुसरी होळीपासून पाऊस येईपर्यंतची, अशा दोन ठेवल्या की झाले.